दुसऱ्यांदा का आपटलं?

मंगळवार, संध्याकाळ. राजधानीतलं द्वारका.

आज मी एका माणसाला मारलं. बावीस वर्षं सरकारी नोकरी केली, कुणावर साधा आवाज चढवला नाही.

गाडीचा टर्बो चौथ्यांदा गेला. फ्लायओव्हरच्या चढावरच इंजिनाची ताकद संपली. मागचा ट्रक हॉर्न मारत आला आणि वीतभर अंतरावरून निघून गेला. मुक्ता, माझी चौदा वर्षांची लेक, किंचाळली. क्रेनने ओढून गाडी शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथला नेहमीचा सर्व्हिसवाला मान वर न करता म्हणाला, "सर, गाड़ी ठीक है. आपका चलाने का तरीका गलत है."

हेच मी तीनदा ऐकलं होतं. कॉलर धरून त्याचं तोंड बॉनेटवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. पहिल्यांदा राग होता, मान्य. पण दुसऱ्यांदा? तेव्हा तो "सर, प्लीज" म्हणत होता, आणि मला ते ऐकू आलं होतं.

मेकॅनिकांनी मला मागे ओढलं. तो नाक दाबून मॅनेजरकडे वळला. "मैंने हर बार लिखके दिया, टर्बो बदलना पड़ेगा. आपने ही कहा था, कस्टमर को यही बोलो." पोलिसांना कुणी बोलावलं नाही. त्याची माफी मागायला हवी होती, पण न मागताच शेजारी उभ्या मुक्ताला घेऊन निघालो.

येताना मेट्रो हिसका देऊन थांबली. मुक्ता पडेल म्हणून मी हात पुढे केला, तर तिने झटकन दोन्ही हातांनी तोंड झाकलं.