विहीर न बघता दिलेला शब्द

आबा,

गेल्या आठवड्यात एका विहिरीबद्दल मी तुमच्या भरवशावर शब्द दिला आणि ती विहीर कोरडी निघाली. त्यापायी एका घराचं चार दिवसांचं पाणी आम्ही पस्तीस माणसांनी एका संध्याकाळी संपवलं. ज्यांना हे सांगायला हवं होतं त्यांना मी सांगितलेलं नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, त्यामुळे उलटून बोलणार नाही याची खात्री आहे.

आधी हे सायकलीचं प्रकरण सांगते. निवृत्त झाल्यावर उस्मानपुऱ्यातल्या घरी दिवसभर भिंतींकडे बघत बसणं मला जमेना, म्हणून सायकल घेतली आणि सायकल चालवणाऱ्यांच्या एका गटात शिरले. वर्षातून एकदा गट पाच दिवसांच्या फेरीला निघतो. रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर चालवायचं, रात्री तंबूत झोपायचं. तंबू, सतरंज्या, भांडी, आचारी हे सगळं टेम्पोतून पुढे जातं आणि आपण पोचेपर्यंत मुक्काम उभा असतो. "म्हंजी आपलंच व्हय की," तुम्ही म्हणाला असतात, "निस्ती मेंढरं नायत." हे माझ्या आधी लक्षात आलं नाही. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून आणि त्यातली बरीचशी वर्षं वडील मेंढरं राखायचे हे कुणाला न सांगता काढून माणसाच्या लक्षात यायचं ते येत नाही.

मुक्काम ठरवायचं काम माझ्याकडे होतं, कारण हा मुलूख माझा. फेरीचा प्रमुख माझ्या मुलाच्या वयाचा आहे. त्यानं विचारलं, "मॅडम, चौथ्या मुक्कामाला टँकर सांगून ठेवू का? यंदा सगळीकडे बोंब आहे." मी म्हटलं, "टँकर कशाला? मोठ्या दुष्काळात त्या विहिरीनं माझ्या वडिलांची दोनशे मेंढरं जगवली आहेत." तो म्हणाला, "मग प्रश्नच मिटला." तरी मी विहिरीच्या मालकाच्या मुलाला फोन केला. आता तोही पन्नाशीचा आहे. "या की ताई," तो म्हणाला. "पाण्याचं काय एवढं? आपल्याच घरी इचारून येता व्हय?" मी यादीवर बरोबरची खूण केली. बघायला गेले नाही. शहरातून जेमतेम तासाचा रस्ता, पण गेले नाही.

याच विहिरीवर तुम्ही मला एकदा बोलला होतात. मी नऊ-दहा वर्षांची असेन. शाळेसाठी आत्याकडे राहायचे, सुट्टीत तुमच्याकडे आले होते. त्या मालकाच्या शेतात मेंढरं बसवायची ठरलेली. शेताला लेंडीखत मिळायचं, आपल्याला पाणी आणि दाणे. तुम्ही मागून येत होता आणि मला शहाणपण दाखवायचं होतं, म्हणून मी कोकरं थेट विहिरीजवळच्या दगडी डोणीवर पाण्याला नेऊन लावली. तुम्ही आलात, कोकरं काठीनं मागे सारलीत. मारलं नाहीत. विचारलंत, "हिरीत डोकावलीस का?" नाही. "पायऱ्या किती उघड्या पडल्यात?" माहीत नाही. "वैनीला इचारलंस?" मी म्हटलं, मालकांनी हो म्हटलंय ना. तेव्हा तुम्ही खाली बसलात आणि मला समोर बसवलंत. "पानी बाईला इचारावं. बाप्या मानापायी व्हय म्हनतो. घागरी किती लागत्यात ते बाईला ठावं असतं." मग उठून विहिरीच्या पायऱ्या मोजल्यात, मालकिणीच्या चुलीपुढे जाऊन बसलात आणि ती नको म्हणाली असती तर दोनशे मेंढरं घेऊन तहानलेले पुढे गेला असतात. तुम्ही नेहमी एक दिवस आधी, एकटे, पायी पुढे जायचात ते एवढ्यासाठी. मला हे सगळं पाठ होतं. अगदी फोन करतानाही पाठ होतं.

त्या दिवशी ऊन असं होतं की टेम्पोतलं पाणी दुपारी दोनलाच संपलं. शेंद्र्याच्या पुढे कारखान्यांच्या भिंती संपतात तिथे शेतं सुरू होतील असं मला वाटत होतं. शेतं नाहीत. नांगरलेल्या रानात प्लॉटांचे पांढरे दगड रोवलेले आहेत, मधोमध एक भली मोठी कमान उभी आहे, आणि तिच्यातून आत गेलं तर काहीच नाही. त्याच्या पुढे मोसंबीच्या बागा बुंध्यापासून तोडून रचून ठेवलेल्या. माझ्या मागच्या मुलीनं सायकल थांबवून कमानीचा फोटो काढला. मी तिला वेळ घालवू नकोस म्हणून दटावलं.

पाचच्या सुमारास पोचले तेव्हा टेम्पोचा ड्रायव्हर विहिरीच्या काठावर बसला होता. "मॅडम, खाली बाभळ उगवलीय," तो म्हणाला. मी डोकावले. पायऱ्या मोजायची गरज नव्हती, सगळ्याच दिसत होत्या. पलीकडच्या प्लॉटांसाठी तीन बोअर पाडले, त्यानंतर दोन वर्षांत विहीर गेली, हे मालकाच्या मुलानं माझ्याकडे न बघता सांगितलं. मी विचारलं, "मग फोनवर का नाही बोललात?" तो म्हणाला, "पावण्याला नाय कसं म्हनावं, ताई? अन तुमी तर त्यांची लेक."

मी फोन केले. टँकरवाले सगळे बांधकामांवर आणि लग्नांवर गुंतलेले. एक म्हणाला, उद्या दुपारी बघू. ड्रायव्हर हमरस्त्यावरच्या जारच्या दुकानात गेला, ते बंद. पाणी मिळेल असं पुढचं गाव चाळीस किलोमीटरवर, आणि आमच्यातल्या दोघांना पायात गोळे येऊन आडवं केलेलं.

तेवढ्यात म्हातारी बाहेर आली. तुमची वैनी. पाठीत पार वाकली आहे, नजर मात्र आहे. माझ्याकडे बघून म्हणाली, "मला का नाय इचारलंस गं? तुजा बाप आला की आधी चुलीम्होरं यायचा." तिनं कमरेची किल्ली काढली. ओसरीवर दोनशे लिटरचे तीन निळे ड्रम होते, झाकणांना साखळी आणि कुलूप. गावात टँकर चार दिवसांनी येतो आणि आदल्याच दिवशी येऊन गेला होता. मुलगा हळूच म्हणाला, "आई, म्हशीचं?" दावणीला एवढं एकच जनावर उरलेलं. म्हातारी म्हणाली, "चारा छावनीवाले घेत नायत, तर बाजार हाय की. जानारच हुती ती, चार दिस आदी जाईल. पोरं उनातून आल्यात."

मी नको म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणाला असतात. मी म्हणाले, "दोन ड्रम पुरतील." तिसराही लागला. एकानं अंघोळीला दुसरी बादली मागितली, त्याच्यावर मी ओरडले आणि कारण सांगितलं नाही. जेवताना प्रमुख म्हणाला, "मॅडम, पाणी गोड आहे. विहिरीचंच ना?" मी हो म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं, आणि त्यामुळे पुढच्या वर्षीचा मुक्कामही तिथेच धरला आहे. तो मोडायचा तर कारण द्यावं लागेल. कालपर्यंत मी ते दिलेलं नाही आणि आजही फोन हातात घेऊन ठेवून दिला.

या पत्राला पाकीट आणलेलं नाही. हे घरातच राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना म्हातारीच्या हवाली केलं ते असं. कलिंगडाच्या साली दोन पाट्या, म्हशीसाठी. उरलेली ज्वारीची भाकरी, फडक्यात. हमरस्त्यावरचं दुकान उघडल्यावर ड्रायव्हरनं आणलेले वीस लिटरचे सहा जार, तीन ड्रमांच्या बदल्यात. रिकामे जार दोन दिवसांत परत द्यायचे, असं दुकानदारानं बजावलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही.