आपले छत गळते आहे काय?

१ ऑगस्ट, शुक्रवार
ब्लॉगवर एका दिवसात चार कमेंट! ‘सूक्ष्म नजर’ सुरू करून तीन वर्षं झाली, लेख झाले त्रेसष्ट, आणि आजवरच्या एकूण कमेंट दोन. त्यातली एक विजयश्रीची: ‘फोन उचलत नाही म्हणून इथे लिहिते, येताना मेथी आणा.’ बायकोची कमेंट धरायची नसते.
आता ब्रेंडा, ओलेग, पुन्हा ब्रेंडा आणि कुणी ‘बेस्ट डील ७७’. कॅन्टीनच्या मटकीवरच्या लेखाखाली ओलेग लिहितो: ‘अतिशय मौल्यवान माहिती. मी ही माझ्या सहकाऱ्यास दर्शविली. त्याने आनंदाने मला दुपारचे भोजन दिले.’
कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या बुद्धरत्नला सगळं वाचून दाखवलं. म्हणाला, बरोबर आहे भावा.

४ ऑगस्ट, सोमवार
एक प्रश्न सुटत नाही. ओलेगला मराठी कसं येतं? आणि आमच्या मटकीचं त्याला काय पडलंय?
मी इनवर्ड इन्स्पेक्शनला एकोणीस वर्षं आहे. बाहेरून आलेला प्रत्येक पार्ट आधी संशयित असतो, तपासला की पास होतो. माणसांनाही हाच नियम लावला असता तर आज मी मॅनेजर असतो.
निष्कर्ष: ओलेग परदेशी नाही. ‘सहकारी’, ‘भोजन’. ओलेग आमच्याच कंपनीत आहे.

५ ऑगस्ट. दुपारी १.१५
कॅन्टीनमध्ये पाळत. कोण कुणाला जेवण देतो ते पाहिलं. कुणी देत नाही. फक्त स्टोअर्सच्या बुद्धरत्ननं आपल्या ताटातला शिरा आमच्या बसमधल्या धनेशला दिला.
शिरा म्हणजे भोजन नव्हे. पण भोजनाचा भाग आहे. नोंद केली.

६ ऑगस्ट, बुधवार
ब्रेंडाची नवी कमेंट: ‘आपले छत गळते आहे काय? आमचे तज्ज्ञ आजच येतील. ओहायो परिसरात मोफत पाहणी.’
आमचं छत गळतं! बेडरूमच्या कोपऱ्यात, जुलैपासून. पण सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग माझ्या देखरेखीखाली झालं. मी सेक्रेटरी आहे. मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं, शंभर टक्के पास. तेव्हापासून आम्ही कोपऱ्यात गुपचूप बादली ठेवतो. हे जगात तिघांनाच माहीत: मी, विजयश्री, बुद्धरत्न.

७ ऑगस्ट, गुरुवार. साप्ताहिक सुट्टी
व्हाय-व्हाय ॲनालिसिस केलं. कंपनीची पद्धत आहे, पाचदा ‘का’ विचारायचं की मूळ कारण हाती लागतं. मला तिसऱ्यालाच लागलं. उरलेले दोन ‘का’ फॉर्म रिकामा दिसू नये म्हणून भरले.
मूळ कारण: बुद्धरत्न. हेतू: जळफळाट. स्टोअर्सबाहेरच्या पाट्याही तोच लिहितो: ‘सदर ठिकाणी विनाकारण उभे राहू नये.’ ब्रेंडाची भाषा तीच.
अकरा वर्षं एका सीटवर बसलो. आईच्या आजारपणात डबा त्याच्या घरून यायचा. तरीही नियम तो नियम. संशयित मालाला पिवळं लेबल लावून बाजूला ठेवतात, त्याला होल्ड म्हणतात. बुद्धरत्न होल्डवर.

८ ऑगस्ट
निगडीला बसमध्ये चढलो तो आमची तिसरी रांग ओलांडून सरळ मागे. शेवटच्या सीटवर धनेशशेजारी. हा मुलगा तळवडे यायच्या आत माझ्या खांद्यावर घोरायला लागला.
मोशीला चढल्यावर बुद्धरत्ननं दोनदा वळून पाहिलं. निर्दोष माणूस कशाला वळून बघेल?
दुपारी तो इन्स्पेक्शन टेबलाशी आला. म्हणाला, तब्येत बरी ना रे? तुला एक सांगायचंय. मी म्हटलं, आत्ता नको. कबुली लगेच घ्यायची नसते, तिला पिकू द्यायचं असतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार
सापळा. ‘आमचे कोरडे घर’ असा लेख टाकला. तासाभरात ओलेग हजर: ‘मी पूर्णतः सहमत आहे. पोटाची चरबी वितळविणाऱ्या गोळ्या येथे पहा.’ जूनमध्ये माझं पोट सुटलंय असं कोण म्हणालं होतं? बुद्धरत्न.
भाचा सिद्धेश तळवड्याच्या आयटी पार्कात आहे, त्याला फोन केला. तो म्हणे, मामा, हे मशीन टाकतं, जगात सगळ्यांना येतं, डिलीट मारा. मी विचारलं, मशीन चालवतं कोण? म्हणे, कुणी नाही. चार वर्षं नोकरी करतोय, पण आयुष्यात एका मशीनवर उभा राहिलेला नाही.
विजयश्री म्हणते, अहो, बुद्धरत्नभावजींना सरळ विचारा ना. सरळ विचारलं की संशयित सावध होतो. हिला काय सांगणार.

१६ ऑगस्ट
पुन्हा आला, संध्याकाळी बस सुटायच्या आधी. भावा, दोन मिनिटं दे, महत्त्वाचं आहे म्हणाला. मी म्हटलं, जे काही असेल ते लेखी द्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला अहो-जाहो केलं. तो हसला. मी हसत नाही हे पाहून थांबला, आणि जागेवर जाऊन बसला.
छातीत जरा जड वाटलं. ॲसिडिटी.

१९ ऑगस्ट
बसमध्ये पुढच्या रांगांत कुजबुज. मी मान वर केली की थांबते. टोळी मोठी दिसते.

२० ऑगस्ट, बुधवार. संध्याकाळी ७
बुद्धरत्ननं बसमध्ये पेढे वाटले! साक्षीदारांची तोंडं गोड करतोय, तेही दिवसाढवळ्या. सगळ्यांनी घेतले. काही जण तर त्याला मिठ्या मारत होते. बॉक्स घेऊन शेवटच्या सीटपर्यंत आला. मी म्हटलं, मला शुगर आहे. (नाही.) त्यानं बॉक्सचं झाकण लावलं. मग मोशीचा स्टॉप आला, त्याचं घर तिथेच. उतरून गेला.
आता दया नाही. त्याच्याविरुद्धचा रिपोर्ट परवा बसमध्ये, सगळ्यांसमोर वाचणार.

२१ ऑगस्ट, गुरुवार
रिपोर्ट पूर्ण. आठ पानं, रंगीत प्रिंट. उद्यासाठी शर्टाला इस्त्री केली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
मोशीला बुद्धरत्न चढलाच नाही. फरार, म्हटलं. तसं धनेशला बोलून दाखवलं. तो डोळे चोळत म्हणाला, काय राव सयाजीभाऊ, मग पेढे कशाचे होते? बुद्धरत्नभाऊंची बदली झाली ना रांजणगावच्या प्लांटला. आजपासून तिकडची बस. पंधरा दिवस झाले सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला तर त्यांनी सगळ्यात आधी सांगितलं असेल.
तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. चाकणच्या चौकात ट्रॅफिक तुंबलं होतं, एक कांद्याचा ट्रक आडवा झाला होता. ‘हे बघ’ म्हणून शेजारी वळलो. शेजारी माझीच बॅग होती, आत आठ पानं.
फार वाईट वाटलं. इथे लिहितोय, कारण सांगणार कुणाला.

२३ ऑगस्ट, शनिवार
दुपारच्या सुट्टीत त्याला फोन केला. म्हटलं, ब्लॉगवरच्या त्या कमेंटबद्दल... तो म्हणाला, कसला ब्लॉग? तो अजून चालू आहे होय? अरे मी कधी उघडलाच नाही बाबा, तू बसमध्ये सगळा तोंडी सांगायचास की.
मग मी बदलीबद्दल विचारलं, नवी बस कशी आहे विचारलं. म्हणाला, बरी आहे, शांत आहे, झोप लागते. फक्त मधेच दचकून उठतो आणि ‘बरोबर आहे भावा’ म्हणतो, शेजारचा माणूस बघायला लागतो.
मी म्हटलं, मला शुगर नाही.
म्हणाला, ठाऊक आहे. तुझ्या वाटणीचा पेढा दोन दिवस डब्यात राखून ठेवला होता. काल संध्याकाळी करिष्मा म्हणाली, पप्पा, आता काही काका येत नाहीत, आणि खाऊन टाकला.