गाण्यामागून हाक

प्रेस्टन, ७ ऑक्टोबर

चि. फिलोमिनास विनीताईचे अ. उ. आशीर्वाद,

पत्रास कारण संताप. परवा टीव्हीवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागला. मी लावला नव्हता, बातम्यांनंतर तो आपसूक आला. पासष्ट सालचा कुठलासा बँड. कपाळावर झुलपं, आखूड कोट, आणि तबकडी लावून नुसते ओठ हलवायचे. त्या काळच्या शहाण्यांनी मूळ चित्रफीत पुसून तिच्यावर दुसरंच काही भरलं होतं. त्यामुळे आता पडद्यावर नुसते फोटो, आणि आवाज कुणा प्रेक्षकाने घरी टेप केलेला. हा प्रेक्षक म्हणजे आपला सिरिल! टीव्हीपुढे माइक धरून बसायचा, आठवतं? ती टेप त्याने कुणा संग्राहकाला देऊन टाकली आणि आपल्याला पत्ता लागू दिला नाही.

आता नीट वाच. दुसऱ्या कडव्यात पोरी किंचाळतात. त्यांच्या मागे आपला कुत्रा भुंकतो, चमचा पडतो, आणि आई स्वयंपाकघरातून हाक मारते की सिरिल, ये रे, जेवण गार होतंय. अख्ख्या देशाने आपल्या आईचं स्वयंपाकघर ऐकलं. कुणाच्या परवानगीने? मी टीव्ही कंपनीला खरमरीत पत्र धाडलंय.

आणि हाक कुणाला, तर सिरिलला. मी तेव्हा नन्सच्या बोर्डिंगात उकडलेला कोबी गिळत होते, हे कबूल. पण सुट्टीत घरी आले तरी आईच्या तोंडी तुम्हा दोघांचीच नावं असायची. मला पाहुण्यांची खुर्ची मिळायची आणि चांगली कपबशी. मुलीला कुणी चांगली कपबशी देतं का?

असो. गुडघ्यांना आणि त्या लठ्ठ मांजराला जप. माझ्यावरचा लोभ कमी झाला तर मला लगेच कळतं, हे ध्यानात असू दे.

तुझी,
विनीताई

व्हिटबी, १२ ऑक्टोबर

ती. विनीताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले. कंपनीतला जो कुणी ते उघडेल त्याची दया आली. मग कार्यक्रम पुन्हा लागला तेव्हा मीही ऐकला, आणि हसू गेलं.

ताई, मी त्या दिवशी टेबलाखाली होते. सिरिलने माझ्या तोंडात बिस्किट कोंबलं होतं आणि चावलीस तर ठार मारीन असा दम दिला होता. कुत्रा भुंकला, तेव्हा त्याने चप्पल फेकली. चमचा माझ्याच हातून पडला. हे सगळं खरं. पण शुक्रवार होता गं. शुक्रवारी आई संध्याकाळच्या पाळीला गिरणीत असायची. बटाटा-कांदा भरलेला बटर पाय भाजून ठेवायची आणि सिरिल तो गरम करायचा. स्वयंपाकघरात कुणीही नव्हतं.

मी सिरिलला फोन केला. तो म्हणाला, ती टेप त्याने आयुष्यभर ऐकलीय, तोंडपाठ आहे, आणि तिच्यात आई कधीच नव्हती. आता आहे. मी विचारलं की भीती नाही वाटत का. तर हसून म्हणाला, आईने हाक मारली की दुसऱ्या हाकेची वाट बघायची नसते, तू लहान होतीस, तुला चमचा बसला नाही कधी.

मला काही हे आवडलेलं नाही. त्याच्याकडे एकदा जाऊन येशील का? तुझी बोलणी खाल्ली की तो ताळ्यावर येतो. मांजर तुला विचारतंय. मायेची ऊब इकडे पोचू दे, समुद्राचा वारा फार सुटलाय.

तुझी,
फिलो

प्रेस्टन, ९ नोव्हेंबर

चि. फिलोस अ. उ. आशीर्वाद,

सिरिलला पोचवायला तू होतीसच, ते पुन्हा लिहीत नाही. एवढंच सांगते, त्याच्या घराची आवराआवर मी केली. खुर्चीशेजारी चहाचा कप भरलेला होता, पण चप्पल दाराशी जोडून ठेवली होती. जन्मात त्याने चप्पल जोडून ठेवली नव्हती. घरात शिरताना पाय पुसायला आणि चप्पल नीट लावायला त्याला एकच बाई लावायची.

कंपनीचं उत्तर आलं. कुणी तरुण गृहस्थ लिहितात की, आदरणीय बाई, टेपमधले घरगुती आवाज आम्ही प्रसारणाआधीच काढून टाकले होते, कुत्रा नाही, चमचा नाही, स्त्रीचा आवाज तर मुळातच नव्हता. मी तीस वर्षं भूगोल शिकवलाय. मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते मला पाठ करून उभं राहूनही कळतं. मला हा शिकवणार!

रविवारी दुपारी कार्यक्रम पुन्हा लागला. मी ऐकला. त्यावर काही लिहायचं नाही. तू मात्र तो लावायचा नाहीस. टीव्हीची वायर काढ आणि शेजारच्या मिसेस हॅरोगेटकडे देऊन टाक. कारण विचारू नकोस. डॉक्टरकडे जाऊन छाती तपासून घे आणि मांजर टोपलीत घालून सरळ माझ्याकडे राहायला ये. मला मांजरं आवडत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. त्यावरून काय ते समज.

वाट पाहते. या खेपेला माझं ऐक.

तुझी,
विनीताई

व्हिटबी, १४ नोव्हेंबर

ती. विनीताईस सा. न. वि. वि.

नन्सनी तुला सगळं शिकवलं, फक्त थाप मारायला शिकवलं नाही. मांजर आण म्हणालीस, तेव्हाच मी ओळखलं.

मीही रविवारीच ऐकलं होतं. आई आता सिरिलला हाक मारत नाही. फिलो, चल गं, असं म्हणते. डॉक्टरकडे गेले होते. त्याने बराच वेळ छातीवर नळी ठेवली आणि मग खिडकीबाहेर बघत हवापाण्याबद्दल बोलला. म्हणजे झालंच.

पण मी तुला वेगळंच सांगायला लिहितेय. तू रागारागात टीव्ही बंद केला असणार. तुझी सवयच ती, दार आपटायचं आणि मग आतले काय बोलले म्हणून कुढायचं. माझं नाव घेतल्यावर आई थांबत नाही. गाणं संपतं, पोरी टाळ्या पिटतात, आणि त्या टाळ्यांखाली ती हळू आवाजात कुणाला तरी दटावते की त्या ताटाला हात लावायचा नाही, ते विनीचं आहे, ओव्हनमध्ये झाकून ठेवलंय, तिला उशीर होणार आहे.

ताई, तू बोर्डिंगात होतीस तेव्हा दर शुक्रवारी ते ताट असायचं. एकावर एक उपडं झाकलेलं. रात्री सिरिल आणि मी त्यावरून भांडायचो. मला वाटलं तुला माहीत आहे. तुला कुणी सांगितलंच नाही का?

मी निवांत आहे. कोटाला इस्त्री केलीय. मांजर तुझं. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
फिलो

प्रेस्टन, २८ नोव्हेंबर

चि. फिलोस,

आशीर्वाद कुठल्या पत्त्यावर पाठवू? तुझ्या मिसेस हॅरोगेटचा फोन आधी आला आणि तुझं पत्र दुसऱ्या दिवशी. पोस्टाची ही तऱ्हा. त्यांनाही लिहिणार आहे.

तुला पोचवून आले. पावसाने चिखल होता, पाद्रीबाबा तुझं नाव चुकीचं उच्चारत होते, मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं. मांजर इथे आहे. पाहुण्यांच्या खुर्चीवर झोपतं.

काल कार्यक्रम पुन्हा लागला. शेवटपर्यंत बसले. कुणालाही हाक नव्हती. त्या झुलपंवाल्याच्या आवाजामागे काटे-चमचे वाजत होते, सिरिल तोंडात घास घेऊन काही तरी सांगत होता आणि तू खिदळत होतीस. सगळे जेवायला बसलेले. मग टाळ्यांखाली ओव्हनचं दार उघडल्याचा आवाज आला. कुणी तरी आत बघितलं आणि दार हळूच लावून घेतलं.

मी खुर्चीतून मोठ्याने म्हणाले की मला वाळलेला बटर पाय खायला आवडत नाही, आच मंद ठेवायला सांगा, कंपनीशी माझं भांडण अजून मिटायचं आहे. मांजराने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि शेपूट हलवलं. माझा ओव्हन आठवडाभर पेटलेला नाही. हात लावून पाहिला, तर कोमट होता.

आईला सांग, येताना मी दार आपटणार नाही. आणि चांगली कपबशी काढू नका.

तुम्हा सगळ्यांची,
विनी