इतर औषधे : काही नाही

३ फेब्रुवारी

मोतीबिंदू पिकला म्हणे! तोही उजव्या डोळ्यात. म्हणजे पोटापाण्याच्याच डोळ्यात. चाळीस वर्षं याच डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली. आता बारीक स्क्रू म्हणजे नुसता धुरकट ठिपका.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या. सगळं नीट समजावलं. ऑपरेशन अठराला. मग फॉर्म भरायला घेतला — "काका, आणखी कुठली औषधं चालू आहेत?" लेक शेजारीच बसलेली. मी म्हणालो, "छे, काही नाही." त्यांनी तसंच लिहिलं.

लघवीची गोळी दोन वर्षं चालू आहे. पण डोळ्याचा आणि तिचा काय संबंध!

४ फेब्रुवारी

काही संबंध नाही. तरी मनाला टोचतंय.

६ फेब्रुवारी

गोळ्या दुकानात, जुन्या स्प्रिंगांच्या डबीत ठेवतो. घरी कुणाला पत्ता नाही. हिला तर नाहीच. संध्याकाळी बागेतल्या बाकावर आम्ही म्हातारे आपापलं बीपी आणि साखर मेडल मिरवावं तसं मिरवतो. लघवीचं मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.

लघवीच्या डॉक्टरांनी तेव्हा छान सांगितलं होतं. मूत्राशयाच्या तोंडाशी स्नायू असतो. नस त्याला निरोप आणून देते — आवळून धर! तो निरोप घ्यायला स्नायूवर बारीक बारीक जागा असतात. गोळी त्याच अडवून बसते. नस ओरडत राहते, स्नायूला ऐकूच जात नाही, तो सैल पडतो आणि वाट मोकळी होते. "आणि ती सारखी घाई?" मी विचारलं. म्हणाले, मूत्राशयाकडून वर मेंदूकडे जाणारी हाकही या गोळीनं मंदावते असं काहींना वाटतं, पण अजून पक्कं नाही. मला मात्र पक्कं ठाऊक आहे. पूर्वी अर्ध्या तासाला दुकानाचं शटर ओढून पळायचो. आता एका बैठकीत अख्खं घड्याळ जोडून होतं.

९ फेब्रुवारी

गोळीच्या खोक्यातला कागद पहिल्यांदाच उघडला. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी! डाव्या डोळ्याला भिंग लावून वाचला. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना आधी कळवा, असं लिहिलंय.

डोळ्याची बाहुली मोठी करणारा स्नायूही त्याच निरोपावर चालतो म्हणे. शरीरानं एवढी काटकसर करावी? वर आणि खाली एकच भाषा! ऑपरेशन चालू असताना बाहुली आकसू शकते. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा लुळा पडतो, फडफडतो. डोळ्याला इजा होऊ शकते.

आजपासून गोळी बंद. म्हणजे सांगायला नको.

१३ फेब्रुवारी

हाल! सकाळी वीस मिनिटं नुसता उभा. बाहेरून ही — "अहो, आत मुक्काम टाकलात की काय?"

शेवटी दुकानातून लघवीच्या डॉक्टरांना फोन लावला. भडकलेच. "कुणी सांगितलं बंद करायला? लघवी तुंबली तर नळी घालावी लागेल. आणि बंद करून डोळ्याला उपयोग नाही, सोडली तरी परिणाम राहू शकतो. आज पुन्हा सुरू करा. डोळ्यांच्या डॉक्टरांना फक्त सांगा! एवढं एकच काम आहे तुमचं."

एवढं एकच काम!

१५ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी

जेवताना हिला सांगायला तोंड उघडलं. "काय हवंय? मीठ?" मी म्हणालो, हो, मीठ. भाजी खारट झाली. तीच खाल्ली.

सहासष्टाव्या वर्षी एका वाक्याला घाबरतोय मी. डोळा गेला तर दुकान गेलं. दुकान गेलं तर मी कोण? हे सगळं कळतं, आणि तरी ते वाक्य तोंडाबाहेर पडत नाही.

१९ फेब्रुवारी

काल सांगितलं! हिरवा झगा घालून खाटेवर बसलो होतो, लेक चष्मा सांभाळत उभी. डॉक्टरीणबाई आल्या. मी भिंतीकडे बघत एका दमात — "मी लघवीची गोळी घेतो, दोन वर्षं झाली, फॉर्ममध्ये खोटं सांगितलं." मग बाई म्हणाल्या, "काका, बरं झालं आत्ता तरी बोललात." त्यांनी वेगळं इंजेक्शन मागवलं, आणखी कसली कसली तयारी केली. आत पडल्या पडल्या ऐकू येत होतं — "बघा, बाहुली लहान होत चालली... आकडे द्या." बाहुली बारीक हुकांसारख्या आकड्यांनी ताणून धरली आणि काम पुरं केलं. नंतर म्हणाल्या, तयारी नसती तर अवघड होतं.

लेक रिक्षात एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही पण ना!" आणि रडली. मलाही आवरलं नाही, एका डोळ्यानं.

२ मार्च

स्क्रूची खाच दिसली. स्वच्छ!

९ मार्च

आज बाकावर सगळं सांगून टाकलं. गोळी, बाहुली, आकडे. दोघं हसले. एकजण हळूच म्हणाला, "मीही घेतो रे." आमच्यातले मास्तर हसले नाहीत. पाच वर्षांपूर्वी ऑपरेशनमध्ये त्यांचा डावा डोळा गेला, तेव्हा आम्ही सगळे त्या डॉक्टरच्या दारात जाऊन तमाशा करून आलो होतो. महिन्याभरात त्यानं दवाखाना बंद केला आणि गाव सोडलं. मास्तरांनी गोळीचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी खिशातून तीच स्ट्रिप काढून माझ्यापुढे धरली. "तेव्हाही घेत होतो. बोललो नव्हतो," म्हणाले.

त्या दिवशी दारात सगळ्यांत मोठ्यानं मी ओरडलो होतो.