कंट्रोल गटाच्या घरी कोणी जात नाही

गुरुवार, ८ जानेवारी
दुरुस्ती. काल लिहिलं की ओमकारच्या घरी वीस मिनिटं थांबले. चूक. एक तास दहा मिनिटं, चहा धरून. चौथीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं. त्यांचा नियम: आधी चूक लिहायची, मगच पान उलटायचं. लिहिली.

मुद्दा मात्र तोच राहतो. स्किझोफ्रेनियाचे चोवीस पेशंट. गोळ्या सगळ्यांना. बारा जणांच्या घरी दर आठवड्याला कार्यकर्ती जाते, घरच्यांशी बोलते. उरलेल्या बारा घरी कोणी जायचं नाही. ते कंट्रोल. वय, आजाराची वर्षं, सगळं जुळवून तो गट मी निवडलाय. तिथे खरंच कोणी जात नाही ना, हे कोणीतरी पाहायला नको? म्हणून मी जाते. फक्त पाहायला.

बुधवार, २१ जानेवारी
तपासणीसाठी फॉर्म केला. प्रश्न एकच: गेल्या आठवड्यात घरी कोणी आलं होतं का? ओमकारची आई तुळसाकाकी म्हणाल्या, हा आजारी पडल्यापासून शेजारीपण पायरी चढत नाहीत. मी विचारलं, आणि मी?

"तू काय पावणी गो? तू घरचाच माणूस."

'नाही'वर खूण केली. बाराही घरी हेच उत्तर. गट एकदम शुद्ध.

ओमकारने गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवलं. मी विचारलं नव्हतं. मी 'बरं' म्हणाले. 'बरं' हा उपचार नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी
यापुढे दारातूनच. चहा नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी, संध्याकाळ
चहा दोनदा. कंट्रोलच्याच दुसऱ्या घरी, इनासिया आंटीकडे, वर गोड दोदोलची वडीही. तीन वर्षांनी त्यांचा भाऊ साल्वादोर बाहेर व्हरांड्यात येऊन बसला होता. मी निघाले असते तर तो दुखावला असता. दुखावणं हाही परिणामच. कंट्रोलवर परिणाम होता कामा नये. बसले.

सोमवार, २ मार्च
कुडाळच्या ऑफिसात गुरुदास सरांनी आकडे दाखवले. प्रकल्प त्यांचा. तपासणाऱ्या डॉक्टरांना कोण कुठल्या गटात ते माहीत नव्हतं. दोन्ही गट सारखेच सुधारले. कंट्रोल जरा जास्तच. सर म्हणाले, म्हणजे घरभेटींचा काही उपयोग नाही, अहवालात तसंच जाईल आणि ३१ मार्चपासून भेटी बंद. नाहीतर पुढच्या वर्षी पूर्ण तालुक्यात सुरू व्हायच्या होत्या. कंट्रोल नीट आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी फॉर्मचा गठ्ठा पुढे केला. नाही, नाही, नाही. सर खूश झाले.

मला काही वाटलं नाही. परत येताना स्कूटीत पेट्रोल भरायचं राहिलं. दीड किलोमीटर ढकलली.

गुरुवार, ५ मार्च
वाचलं. असाही कंट्रोल असतो: दोन्हीकडे माणूस पाठवायचा, पण दुसरीकडे त्याने नुसतं बसायचं, समुपदेशन करायचं नाही. म्हणजे माझं चुकलेलं नाही. उलट जास्त चांगला कंट्रोल निघाला.

मग प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. गोळ्या जेवणानंतर. झोपेची वेळ. त्याला आवाज ऐकू आले तर वाद घालू नका. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल कुजबुजू नका. चहा पिता पिता सगळंच बोलले होते. कार्यकर्तीच्या पुस्तिकेत बारा प्रकरणं आहेत. माझी अकरा झाली. बारावं राहिलं: निरोप कसा घ्यावा.

बुधवार, ११ मार्च
तेच करायला गेले. आता येणार नाही, हे सांगायला. ओमकार अंगणात बोंडांपासून काजू पिळून वेगळे करत होता. मी स्कूटी लावली तशी काकी हळूच म्हणाल्या,

"बुधवार इलो काय तो सकाळीच न्हावन बसता, बाय. तू येवक नाय तर आमच्याकडे कोण येतला?"

सांगितलं नाही. चहा घेतला. फॉर्म भरला. नाही.

शनिवार, १४ मार्च
आता स्पष्ट आहे. सरांना खरं सांगायचं. माझं काम जाईल, बारा घरांचे आकडे फुकट जातील. पण भेटींचा उपयोग होतो हे कळेल, त्या बंद होणार नाहीत. कदाचित ओमकारकडेही रीतसर कोणी जाईल. वाक्य पाठ केलं: सर, कंट्रोल गटाच्या घरी मी जात होते.

सोमवारी सर पणजीत आहेत. मंगळवारी सांगितलं तर त्यांना विचार करायला वेळच उरत नाही, कारण अहवाल बुधवारी दुपारी जातो. घाईत सांगणं अन्यायाचं. बुधवारी मी ओमकारकडे असते.

तेव्हा गुरुवार. पाडवा आहे. ऑफिसात कोणी नसेल, निवांत बोलता येईल. गुरुवार, १९ मार्च, सकाळी साडेदहा.