आधी पाहिलं त्याचं अस्वल

९ एप्रिल

पोचलो एकदाचे! हेलिकॉप्टरमधून उतरलो तर सासरेबुवा समोरच उभे. गेडिओन म्हणजे या किनाऱ्यावरचे नावाजलेले शिकारी. त्यांनी मला बुटापासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या बायकोला, पिपालुकला, विचारलं, की हा शहरातला पोरगा इथे टिकेल, की याच्यासाठी वेगळी शेगडी मांडू? पिपालुक पोट धरून हसली. पोटात आमचं बाळ आहे, जूनमध्ये येईल. ते इथेच, तिच्या माणसांत जन्मावं म्हणून तर मी नूक शहरातल्या मासळी कारखान्यातली नोकरी सोडून आलो. आता मी शिकारी होणार. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

घर लाल रंगाचं, वस्तीच्या अगदी टोकाला. दारात उभं राहिलं की डाव्या हाताला मांस टांगायची खोपटी, समोर गोठलेला समुद्र. सीलचा रस्सा दोनदा वाढून घेतला. खूप छान वाटतंय.

१४ एप्रिल

आज मला बंदूक मिळाली, सासऱ्यांची स्वतःची, बावीस बोअरची. गोळी माझ्या करंगळीच्या नखाएवढी. मी भीतभीत विचारलं, की सीलला ठीक आहे, पण अस्वलाला? ते म्हणाले, "मोठी बंदूक लांबून मारणाऱ्यांची. कातडं फाडते, मांस नासवते. हिला कानाचं मूळ दाखवा, बस्स. फक्त जवळ जायचं. त्याच्या तोंडाचा वास येईल इतकं जवळ." माझा चेहरा बघून पुढे म्हणाले, "काय जावईबापू, आत्ताच वास आला वाटतं!"

इथला कायदाही समजावला. अस्वल ज्याला आधी दिसेल त्याचं. पहिली गोळी त्याची, कातडं त्याचं आणि जखमी होऊन पळालं तर पाठलागाचा निर्णयही त्याचाच. मग डोळे मिचकावून म्हणाले, की अस्वलांचाही हाच कायदा आहे बरं. आधी ज्याच्यावर नजर पडली, तो त्याचा. पिपालुकने त्यांना दटावलं, की जेवताना असलं काही बोलू नका.

२१ एप्रिल

अस्वल मला आधी दिसलं. मीच इथल्या भाषेत ओरडलो, "नानोक!" अस्वल! एवढा आनंद झाला की सासऱ्यांना मिठीच मारली. गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांनी त्याला हिमनगाच्या कडेला घेरलं होतं. सासरे मागून सांगत होते, अजून पुढे, अजून पुढे. माझे पाय हलेनात. लांबूनच गोळी झाडली.

कानाला नाही, डाव्या डोळ्याला लागली. अस्वल ओरडलं नाही. फुटलेली बाजू माझ्याकडे करून नुसतं उभं राहिलं, मग कुत्र्यांची फळी मोडून धुक्यात गेलं.

सासरे म्हणाले, तुमचं अस्वल, तुम्ही ठरवा. मी म्हटलं, बर्फाला भेगा पडताहेत, घरी पिपालुक एकटी आहे, परत जाऊ. त्यांनी कुत्र्यांची गाडी वळवली. वाटेत एकदाही चेष्टा केली नाही. मला फार लाज वाटते आहे.

२३ एप्रिल

उठलो तर सासरे गेलेले. बंदूकही नाही. पिपालुकला सांगून गेले, की जखमी जनावर मागे ठेवून नातवाचं तोंड बघायचं नाही मला.

२६ एप्रिल

कुत्री परत आली. गाडी रिकामी. बंदूक गाडीलाच बांधलेली, एकही गोळी उडालेली नाही. शेजारी इसाक म्हणाला, असं कधी झालं नाही. गेडिओनला अस्वल आधी दिसलं नाही, असं कधीच झालं नाही.

पिपालुक रडत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून आहे. हे माझ्यामुळे झालं.

२९ एप्रिल

वस्तीतले सगळे पुरुष सासऱ्यांना शोधायला गेलेत. धुकं आहे, त्यामुळे हेलिकॉप्टर येत नाही.

खिडकीखाली पावलं उमटली आहेत. माझा बूट आत मावतो आणि भोवती जागा उरते. खिडकीखालीच सुरू होतात, तिथेच संपतात. येणारी नाहीत, जाणारी नाहीत. कुत्री भुंकली नाहीत. अस्वलाचा नुसता वास आला तरी जीव तोडून भुंकणारी कुत्री.

पडदे खिळे मारून बंद केले. पिपालुकला शपथ घातली, की बाहेर डोकावायचं नाही.

१ मे

दिसलं. भर दुपारी, खोपटीपाशी. डावीकडे डोळ्याच्या जागी काळं गोठलेलं रक्त. कुत्री त्याच्या पायांजवळ झोपलेली. त्याचं लक्ष जायच्या आत मी दार लावून घेतलं.

जवळ नाही गेलो. या वेळीही नाही गेलो.

३ मे

पिपालुक म्हणते, बाबा खिडकीशी बोलावतात. म्हणतात, "अगं, तुझ्या शहरी नवऱ्याला म्हणावं, दार उघड, वास नाही येत माझा." अगदी त्यांचंच बोलणं. मलाही ऐकू आलं — मी तिला काही ऐकू येत नाही म्हणून सांगितलं. ती माझ्याकडे बघतही नाही आता.

कुणी परतलं नाही. पाणी संपत आलंय.

४ मे

ठरलं. अस्वलाने आधी कुणाला पाहायचंच असेल तर मला पाहावं. तिला नाही. बाळाला नाही. मग ते जाईल. कायदा आहे तसा, आधी नजर पडेल तो त्याचा.

ती झोपली आहे. मी खोपटीत बसलोय. दार सताड उघडं. ते येईपर्यंत लिहितोय. बंदूक मांडीवर.

कुत्री गप्प —

आलं. वास येतो. इतकं जवळ.

माझ्या आणि घराच्या मध्ये उभं आहे. तोंड समुद्राकडे. मी त्याच्या डाव्या हाताला. डाव्या —

फुटलेला डोळा माझ्याकडे. मीच फोडलेला.

ओरडलो. वळत नाही. गोळी घातली, कानाच्या मुळाशीच लागली, केस उडाले. काहीच नाही. पुन्हा ओरडलो. इकडे बघ. इकडे बघ रे —

चांगला डोळा घराकडे.

घराची कडी वाजली. पिपालुक दारात. ती हसतेय, बाबा म्हणून हाक —

मान वळली. तिच्याकडे. पिपालुक, आत जा, आत —