गोळीनंतरचे पंधरा दिवस

५ जाने.
मुंबई, दवाखाना. गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली, ती कॅन्सरची निघाली. उरलंसुरलं मारायला आज किरणोत्सारी आयोडिनची गोळी. शिशाच्या जाड डब्यातून आली. देणारा ती पुढे करून दारापर्यंत मागे सरला. आणि मी ती गिळायची! वा रे न्याय. खोलीत एकटी. पाणी पी, पाणी पी.

८ जाने.
अंगातला किरणोत्सार मीटरने मोजून सोडलं. डॉक्टर : "अजून पंधरा दिवस मुलीला जवळ घ्यायचं नाही." मनू तीन वर्षांची. घोलवडला आले, पण घरात नाही. वाडीतल्या चिकू भरायच्या खोलीत. सुहासने खाट टाकून ठेवलीय. नवरा गुणाचा, पण रडतो फार.

११ जाने.
मनू कुंपणापाशी. "आई, ये ना." मी नुसता हात हलवला. ती गेल्यावर ढसाढसा रडले.

१३ जाने.
स्कॅनला जाऊन आले. गाडीत मागे एकटी. रिपोर्ट नंतर.

१५ जाने.
हाक मारली तर मनू किंचाळून पळाली. सुहासकडून कळलं, सासूबाईंनी तिला सांगितलंय, आईच्या गळ्यात बागुलबुवा बसलाय, जवळ गेलीस तर धरील. टाक्यांची खूण दाखवून! तळपायाची आग मस्तकात गेली. लांबूनच भांडले, सगळ्या वाडीला ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, "तुझ्याकडेच धावते गं. दिवसभर कशी धरून ठेवू? तूच सांग."

२३ जाने.
संपले दिवस. घरी गेले. मनू पलंगाखाली. सासूबाईंनी वाकून समजावलं, "गेला गं तो, मी खोटंच बोलले." स्वतःच रडायला लागल्या. पोरगी काही बाहेर येईना.

२७ जाने.
गळ्याला ओढणी गुंडाळून जेवायला बसते. आज मनूने माझ्या हातून एक घास घेतला. दुसरा नाही.

३० जाने.
मनू दुपारी आपणहून मांडीवर आली, झोपली. किती दिवसांनी तिच्या केसांचा वास.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. स्कॅनमध्ये फुप्फुसातही दिसतंय. सहा महिन्यांनी पुन्हा गोळी, पुन्हा लांब राहणं. मी हळू आवाजात हो हो म्हणत होते. तिची झोप मोडायला नको.

"घरच्या कुणाला फोन द्या, नीट समजावून सांगतो."

म्हटलं, कुणी नाहीये घरात. सुहास ओट्यावर चहा पीत होता.